गुरुजींचा नानचाकू

"कारण सांगा, आजोबा." आकियामा पोलिसाने सायकलच्या टोपलीतला नानचाकू उचलून धरला.

दोरीने जोडलेली दोन ओकची दांडकी. आमच्या ओकिनावात त्यांच्याकडे कोणी वळूनही बघत नाही. पण हा पोरगा टोकियोहून नुकताच बदलून आलेला. कारणाशिवाय हत्यार घेऊन फिरणं गुन्हा, एवढं त्याला तोंडपाठ.

"गुरुजींना दाखवायला नेतोय," म्हातारा सेइजुन म्हणाला.

"कुठे असतात गुरुजी?"

"थडग्यात. एकतीस वर्षं झाली."

आता यात खोटं काय होतं? शीमीच्या सणाला आम्ही सगळेच पितरांच्या थडग्यापुढे चटया टाकून जेवतो, त्यांना वर्षभराच्या गोष्टी सांगतो. गुरुजींना मूलबाळ नव्हतं, म्हणून सेइजुन जायचा आणि त्यांनी स्वतः घडवलेला नानचाकू त्यांना दाखवून यायचा.

"मेलेल्या माणसाला दाखवणं हे कारण चालत नाही," आकियामा म्हणाला. "सरावाला नेत असाल तर ठीक. नाहीतर जप्त करावा लागेल."

गुरुजींची तेवढीच खूण उरली होती. "सरावच करणार आहे," सेइजुन घाईघाईने म्हणाला. "थडग्यापुढे."

"चला, बघतोच."

थडग्यापाशी सेइजुनची बायको तोमिको डबे उघडून बसली होती. "अहो, खांद्याचं काय?" ती पुटपुटली.

"गप्प बस."

चार वर्षांत त्याचा उजवा हात डोक्यापर्यंत गेला नव्हता. तिच्याशिवाय हे कोणालाच ठाऊक नव्हतं.

सेइजुनने नानचाकू फिरवायला घेतला. पहिला फेरा त्याच्याच कोपरावर बसला, दुसरा गुडघ्यावर आणि तिसरा थेट कपाळावर.

आकियामाने धावत जाऊन म्हाताऱ्याला चटईवर बसवलं. तोमिकोने दिलेलं डुकराचं मटण खात खात त्याने जबाब लिहिला आणि वाचून दाखवला: "मला ही वस्तू चालवता येत नाही. तिच्यापासून माझ्याखेरीज कोणालाही धोका नाही." मग कागद पुढे केला. "सही करा आणि न्या घरी."

"काय? अरे, चाळीस वर्षं शिकवलंय मी! हत्यार आहे हे! कर जप्त!"

"खरंच करू, आजोबा?"

सेइजुनने नानचाकूकडे पाहिलं, थडग्याकडे पाहिलं. मग मुकाट्याने सही केली.

पोलीस गेल्यावर तो थडग्यापुढे वाकला. डोळे भरून आले होते. "माफ करा, गुरुजी. तुमच्यासमोर खोटं लिहून दिलं."

"हो ना, अगदी धादांत खोटं," तोमिको म्हणाली आणि ओला रुमाल त्याच्या टेंगळावर दाबून धरला.