सरूबाईचा निकाल द्या!

टीव्हीवर न्यायाधीश आले की मंदाकाकू उभ्या राहतात. मांडीवर मेथीची परात असली तरी ती खाली ठेवून उभ्या राहतात आणि समोरच्यालाही उठवतात. मयूर विहारमधल्या त्यांच्या फ्लॅटची मागची खोली मी भाड्याने घेतली, त्या संध्याकाळी मला हे माहीत नव्हतं. मी बसून राहिले.

"ऊठ. कोर्ट आलंय."

"काकू, सीरियल आहे ती."

"मग? सीरियलमधलं असलं म्हणून काय झालं? ऊठ बघू."

उठले. आमच्या घरी गोष्टींच्या पुस्तकांआधी मोर्चांची पत्रकं आली, त्यामुळे 'उठा' म्हटलं की उठायची सवय होती. कोणासाठी, हे विचारायचीही होती. पण काकूंनी तेवढा वेळच दिला नाही.

काकू दिल्लीच्या एका कोर्टात बत्तीस वर्षं स्टेनो होत्या. जजसाहेब बोलणार, काकू लघुलिपीत उतरवणार, मग टाइप करणार. निवृत्त झाल्या, पण हात थांबला नाही. संध्याकाळी सातला 'शेवटचा युक्तिवाद' सुरू झाली की मांडीवर पॅड, हातात पेन्सिल. एकही संवाद सुटत नसे. कशासाठी, असं विचारलं की म्हणायच्या, "रेकॉर्डवर राहू दे."

रेकॉर्डवर जात होतं ते भयानक होतं. सीरियलचं अकरावं वर्ष चालू होतं. नायिका वकील शारदा हिची स्मृती गेली होती आणि तिच्या जागी तिची जुळी बहीण केस लढत होती. "सनद कुठाय तिची?" काकू टीव्हीवर ओरडायच्या. एका साक्षीदाराला भर पिंजऱ्यात साप चावला. जजसाहेब ऊठसूट हातोडा आपटायचे. "बत्तीस वर्षांत एकाही जजच्या हातात हातोडा बघितला नाही मी! सुतार आहे का हा?"

पण काकूंचा खरा राग सापावर नव्हता आणि हातोड्यावरही नव्हता. तो सरूबाईवरून होता.

सरूबाई ही त्या सीरियलमधली मोलकरीण. मालकिणीची सोन्याची बांगडी चोरल्याचा तिच्यावर आरोप होता. साक्षी झाल्या, युक्तिवाद झाले, जज म्हणाले, "निकाल राखून ठेवण्यात येत आहे." दुसऱ्या दिवशीपासून शारदाच्या लग्नाची खरेदी सुरू झाली आणि सरूबाई पुन्हा दिसलीच नाही. या गोष्टीला सहा वर्षं झाली.

काकू दर महिन्याला वाहिनीला अर्ज पाठवत. रीतसर टाइप केलेला: अर्जदार, प्रतिवादी, मागणी. टाइपरायटर हिंदी, त्यावर 'ळ' नाही. तेवढी जागा मोकळी सोडून तो पेनाने भरायचा. वाहिनीकडून दर वेळी एकच उत्तर येई: 'आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे.' काकू त्यावर लाल शाईत 'एक्झिबिट' लिहून फाईलला लावत.

मला आधी हे सगळं हास्यास्पद वाटलं. मी दिवसभर गाझियाबादमध्ये कामावरून काढलेल्या कामगारांच्या सह्या गोळा करत फिरायची, आणि घरी आले की ही बाई एका सीरियलवर खवळलेली. मग एकदा त्यांनी वाहिनीच्या ऑफिसात फोन लावला. पलीकडून एक तरुण मुलगी गोड आवाजात म्हणाली, "आजी, तो ट्रॅक केव्हाच संपला."

"ट्रॅक? अगं, बाई आहे ती! सहा वर्षं कोठडीत बसवून ठेवलीयत तुम्ही. मालकिणीची केस असती तर विसरला असतात?"

त्या क्षणी मी काकूंच्या बाजूने झाले. मोठ्या अक्षरांत पत्रक लिहिलं: 'सरूबाईचा निकाल द्या!' सोसायटीत वाटलं. समोरच्या अरोरा आंटी हसल्या. "अरे काकीजी, नाटक है यार, छोड़ो."

"नाटक हो चाहे कुछ भी हो, जजमेंट रिज़र्व किया है तो सुनाना पड़ेगा!"

अरोरा आंटींनी सही केली. त्यांची धरून एकेचाळीस सह्या झाल्या. त्यातल्या अडतीस जणांना मराठी येत नव्हतं.

आणि मग जाहिरात आली: 'शेवटचा युक्तिवाद', अंतिम भाग. आता नाही तर कधीच नाही. त्या दिवशी काकूंनी इस्त्रीची साडी नेसली, दोन पेन्सिली टोकदार केल्या. जज आले. आम्ही उठलो. जजसाहेबांनी हातोडा आपटला आणि भर कोर्टात शारदाच्या लग्नाच्या मंगलाष्टका सुरू झाल्या. वरून अक्षता पडल्या. समाप्त.

काकूंनी पेन्सिल खाली ठेवली. पॅडचं पान कोरं होतं.

"काकू, आपण परत अर्ज करू."

"कोणाकडे? कोर्टच उठलं."

सकाळी टाइपरायटरच्या आवाजाने मला जाग आली. बाहेर आले तर काकूंनी मशीनमधून कागद ओढून काढला आणि पेनाने 'ळ' भरायला घेतले.

"ऊठ," म्हणाल्या. मी उभीच होते.

त्यांनी वाचलं. आवाज जराही हलला नाही. "बांगडी मिळत नाही, एवढ्यावरून घरातली मोलकरीण चोर ठरत नाही. फिर्यादीकडे पुरावा नाही, केवळ संशय आहे; आणि संशय गरिबावर घेणं सोपं असतं. आरोपी सरूबाई निर्दोष. तिला झालेल्या विलंबाबद्दल हे कोर्ट तिची माफी मागत आहे."

"काकू, हे वाहिनीला पाठवू या!"

"त्यांना कशाला?"

त्यांनी कागदाची नीट घडी केली आणि जेवणाच्या टेबलाच्या खिडकीकडच्या बाजूला, वर्तमानपत्रावर ठेवली. त्या खुर्चीत मी एकदा बसायला गेले होते, तेव्हा 'तिथे नको' म्हणाल्या होत्या. तिथलं वर्तमानपत्र रोज येई आणि रोज न उघडता रद्दीत जाई.

"ह्यांना शेवटी शेवटी अजिबात ऐकू येत नव्हतं," काकू म्हणाल्या. "पण सीरियल बघायची हौस फार. मग मी संध्याकाळी सगळं लिहून घ्यायची आणि सकाळी टाइप करून इथे ठेवायची. चहाबरोबर वाचायचे. सरूबाईच्या केसमध्ये अडकले होते अगदी. हॉस्पिटलमध्ये नेलं त्या दिवशी मला म्हणाले, निकाल लागला की पान तेवढं आण." मग एकदम चिडून म्हणाल्या, "आता ह्यांना काय साप आणि अक्षता टाइप करून देऊ?"

काकूंनी चष्मा पुसून परत लावला, कागद पुन्हा उलगडला आणि राहून गेलेला एक 'ळ' भरला.