अंडीबचाव शिबिर

एका जंगलात, मुलांनो, न्याय भरपूर होता. फक्त तो सगळा वरच्या अंगाला होता. खालच्या अंगाला पोचायचा बाकी होता, आणि खालची जनावरं चांगल्या वळणाची असल्यामुळे त्याची वाट बघत होती.

वरच्या अंगाला दाट झाडी होती, हत्ती होते आणि ओढा होता. खालच्या अंगाला ओढ्याचं नुसतंच पात्र होतं. पाणी हत्तींनी वर बांध घालून अडवलं होतं, कारण हत्तींना उन्हाळ्यात डुंबायला लागतं. एवढं मोठं अंग, त्याला ऊन किती लागत असेल, याचा विचार खालच्यांनी कधी केला नाही. गरीब लोक असेच असतात, नुसता स्वतःपुरता विचार करतात.

त्या कोरड्या पात्रात, तापलेल्या गोट्यांमध्ये, टिटव्या अंडी घालत. तुम्ही म्हणाल, झाडावर का घालत नाहीत? टिटवीचे पाय फांदीवर बसायचे नव्हेत, बाळांनो. तिचं सगळं जमिनीवरच. भर उन्हात अंडी शिजू नयेत म्हणून नवरा-बायको पाळी लावतात. एकाने अंड्यांवर पंख पसरून बसायचं. दुसऱ्याने डबक्यावर जाऊन पोटाची पिसं भिजवून यायची. मग ओल्याने बसायचं आणि कोरड्याने उडायचं. दोघांपैकी एक जण जरी नसला तरी सगळं काम अडतं.

साळूबाई आणि तिचा नवरा धोंडिबा यांची चार अंडी होती. त्या वर्षी ऊन असं पडलं की डबकी एकेक करत आटली आणि उरलेलं डबकं पार लांब राहिलं. पिसं भिजवून परत येईस्तोवर निम्मी वाळायची. शेवटी साळूबाई वर गेली आणि कोल्हेसाहेबांना भेटली. कोल्हेसाहेब हे जंगलाचे सचिव.

"साहेब, दुपारच्याला जरा बांधाचं तोंड उघडा," साळूबाई म्हणाली. "आमच्यापतुर नुसती ओल आली तरी बास."

कोल्हेसाहेब गंभीर झाले. गंभीर होण्याचा त्यांना पगार होता.

"साळूबाई, हा तुमच्या एकटीचा प्रश्न नाही. सगळं जंगल तापलंय."

"व्हय, पर हितं तर गार हाय."

"म्हणून तर आम्हाला त्यावर शांतपणे विचार करता येतो."

विचार झाला. खालच्या वंचित टिटव्यांसाठी 'अंडीबचाव शिबिर' घ्यायचं ठरलं. त्यासाठी लांबच्या जंगलातून एक मोर बोलावला. अंडी या विषयावर त्याने बरीच जंगलं गाजवली होती. स्वतः तो अंड्यावर कधी बसला नव्हता, मोरांत ते काम लांडोरीकडे असतं. त्यामुळे त्याचं मत निःपक्षपाती होतं.

शिबिर खरं तर खालीच व्हायचं होतं, टिटव्यांच्या दारात. पण खाली फार ऊन असतं, असं पाहणीत आढळून आलं. मग ते वर, हत्तींच्या डुंबणीच्या काठावर, जांभळीच्या सावलीत घ्यायचं ठरलं.

आमंत्रण द्यायला कोल्हेसाहेब जातीने खाली आले. "उद्या भर दुपारी या," ते म्हणाले.

"दुपारी न्हाई जमायचं, साहेब. तवाच तर अंडी जपावी लागत्यात."

"अंडी कशी जपायची, तेच तर शिकवणार आहेत."

"ते आमास्नी येतंय. पाणी न्हाई."

"पाणी सोडायचा ठराव शिबिरातच मांडायचाय. आता लाभार्थीच हजर नसतील तर तो कुणासाठी मांडायचा, सांगा?"

साळूबाईने धोंडिबाकडे पाहिलं. तो अंड्यांवर पंख पसरून बसला होता.

"जा तू," तो म्हणाला. "पाणी सुटलं तर चारी जगतील. मी बसतो हितं."

"आन् भिजायला कवा जाशील?"

"तू येशीलच की तोवर."

दुसऱ्या दिवशी साळूबाई वेळेवर जाऊन बसली. अध्यक्ष गजराजसाहेब मात्र अजून पाण्यात होते. मान्यवर पाण्यात असताना कार्यक्रम सुरू करायचा नसतो, तेव्हा सगळे थांबले. मग मोराने वेळ भरून काढण्यासाठी पिसारा उघडला. एकेका डोळ्यावर चोच ठेवत तो समजावून सांगू लागला. पहिल्या डोळ्यात होतं, ऊन वाईट. दुसऱ्यात होतं, अंडी ओली ठेवावीत. पिसाऱ्यात डोळे पुष्कळ होते.

साळूबाई हळूच उठली.

"बसा, बसा," कोल्हेसाहेब पुटपुटले. "हजेरी शेवटी आहे. मधेच उठलात तर ठराव बारगळेल."

ती बसली. ऊन डोक्यावर आलं. तिची नजर पिसाऱ्यावर नव्हती, खालच्या पात्रावर होती. तिथून फक्त झळा दिसत होत्या.

अखेर गजराजसाहेब निथळत आले. "ऊन वरचा-खालचा बघत नाही," ते म्हणाले. "आपण सगळे एकाच सूर्याखाली आहोत." मग त्यांनी अंग झटकलं. काही शिंतोडे साळूबाईवर उडाले, तशी तिने चटकन पोट पुढे केलं. ते बघून मोराला हसू आलं.

ठराव एकमताने झाला. पाणी सोडायला तत्त्वतः मान्यता मिळाली. पावसाळा लागला की बांध उघडायचा. टाळ्या झाल्या, हजेरी झाली, आणि साळूबाई सुटली ती थेट पात्रात.

धोंडिबा जागचा हलला नव्हता. चोच उघडी, पंख पसरलेले, पोट कोरडं ठणठणीत.

"उठलोच न्हाई," तो म्हणाला. "उठलो आस्तो तर ऊन नीट अंड्यांवरच पडलं आस्तं."

साळूबाईने अंड्यांना कान लावला. काल आतून टकटक ऐकू येत होती. आज कशातूनच आली नाही. ती वाटेत डबक्यावर भिजवून आणलेल्या पोटाने अंड्यांवर बसली. धोंडिबा डबक्यावर गेला, भिजून आला आणि ती उठली. दिवस मावळेपर्यंत दोघांनी पाळी सोडली नाही. दोघांनाही कळलं होतं.

इथे मला थट्टा सुचत नाही, मुलांनो. पुढे जाऊ.

महिनाभराने शिबिराचं मूल्यमापन झालं. कोल्हेसाहेबांनी खाली येऊन पाहणी केली आणि भर सभेत जाहीर केलं, "खालच्या अंगाला उन्हाचा धोका असलेलं एकही अंडं आता उरलेलं नाही."

केवढ्या टाळ्या झाल्या म्हणता. मोराला पुढच्या जंगलाचं बोलावणं आलं. गजराजसाहेबांनी आदर्श लाभार्थी म्हणून साळूबाईचा सत्कार केला. त्या उन्हाळ्यात तिच्या अंगावर लोकरीची शाल पांघरली.

"बाई, दोन शब्द बोला," कोल्हेसाहेब म्हणाले. "शिबिरातून काय शिकलात?"

साळूबाईने शाल अंगावेगळी केली आणि नीट घडी करून त्यांच्यापुढे ठेवली.

"म्या परत अंडी घालनार हाय," ती म्हणाली. "कवा आन् कुठं, ते तुमास्नी सांगनार न्हाई."

एवढं बोलून ती गेली. कोल्हेसाहेबांनी अहवालात शेवटची ओळ घातली : खालच्या अंगाला लोकसहभाग कमी पडतो, जागृतीसाठी आणखी शिबिरं घ्यावीत.

तात्पर्य : तापत्या जगाशी सगळ्यांनी मिळून लढायचं असतं. ज्यांच्याकडे पाणी आहे त्यांनी भाषण द्यावं, ज्यांच्याकडे नाही त्यांनी हजेरी द्यावी.