अध्यक्षांचं कवच

आमच्या बंधारा समितीचे अध्यक्ष तांडेलकाका दोन वर्षांपूर्वी भर सभेत कवच खुर्चीतच टाकून पाठीच्या चिरेतून निघून गेले, आणि तेव्हापासून अध्यक्षपद त्यांच्या कवचाकडे आहे.

यात कुणाला काही वावगं वाटत नाही. खाडीतली कुर्ली, म्हणजे मोठा खेकडाही, वाढली की अशीच मागून बाहेर पडते आणि उरलेलं कवच डोळ्यांसकट हुबेहूब कुर्लीच दिसतं. काकांच्या कवचालाही चष्मा आहे, कपाळावर आठी आहे, 'थांबा' म्हणताना उचललेला हात आहे. सभेआधी शिपाई त्यांच्यावरची धूळ पुसतो.

अडचण एवढीच, की जाण्याआधी त्यांनी बंधाऱ्याची उघाडी दुरुस्तीपुरती बंद करायला सांगितली होती. उघाडी म्हणजे बंधाऱ्यातली लाकडी झडप. ती उचलली की भरतीचं पाणी आतल्या तिवरांत, म्हणजे खारफुटीत, शिरतं. उचलायचा हुकूम फक्त अध्यक्ष देतात. तिवरांचा चिखल आता तडकला आहे. ओहोटीला आपली एकच मोठी लाल नांगी हलवत बसणारे चिमुकले खेकडे आधी गेले, मग कुर्ल्या जायला लागल्या. माझी आई कुर्ल्या पकडून विकते. कुर्ली ओढून काढायच्या तिच्या लोखंडी आकडीला हल्ली बिळातून नुसती माती लागते.

"आतच सुकल्यो गो," ती म्हणाली. "आणखी म्हयनोभर असांच ऱ्हवलां तर बी पण उरूचां नाय."

म्हणून मी दर सभेला जात होते.

"अध्यक्ष विचार करताहेत," सचिव वामनमास्तर दर वेळी सांगायचे.

"मास्तर, ते आतून रिकामे आहेत."

"दीक्षा, मोठ्यांबद्दल असं बोलू नये. कॉलेजात हेच शिकवतात वाटतं?"

"खांद्यावर टिचकी मारून बघा."

"दोन वर्षांत एकदाही चिडले नाहीत," धुरीआजोबा चहा बशीत ओतत म्हणाले. "असा अध्यक्ष मिळायला भाग्य लागतं, बाय."

"मग खऱ्या काकांना तरी बोलवा. ठाण्याला मुलाकडेच आहेत ना?"

"ते आता वाढलेत. या खुर्चीत मावायचे नाहीत," मास्तर म्हणाले. "आणि तुला बोलायचं असेल तर आधी हात वर करावा."

मी हात वर केला. अध्यक्षांना हार घालायचा की शाल द्यायची, यावर चर्चा सुरू झाली. चहा पुन्हा आला. माझा हात दुखला, मग दुखायचा थांबला. मी फार दमले होते. थोड्या वेळाने पाठीवर काहीतरी उसवलं. मी एकेक पाय सोडवून घेतला आणि बाहेर पडले. कुणी मान वळवली नाही.

बाहेर वारासुद्धा अंगाला टोचत होता. आई बंधाऱ्यावरच होती. तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"मऊ झालंस? सावलेत बस. ऊन बाधात."

"आधी उघाडी."

आम्ही दोघींनी मिळून झडप उचलली. माझ्या मऊ तळव्यांवर लाकडाच्या रेषा उमटल्या आणि तशाच घट्ट झाल्या. पाणी आत शिरलं. बऱ्याच वेळाने एका बिळातून बुडबुडे आले. आईने नुसतं बोट दाखवलं.

सभेत मी अजून हात वर करूनच बसलेली आहे. परवा वामनमास्तर आईला म्हणाले, पोरगी हल्ली फार समंजस झाली, तिला कार्यकारिणीवर घेतोय.