साहेबरावकाकांचे घासलेले डबे

आमच्या शेजारच्या साहेबरावकाकांना नमस्कार केला की ते आशीर्वाद देत नाहीत. "जीभ काढ," म्हणतात. तुम्ही जिन्यात भाजीची पिशवी घेऊन उभे असा की ऑफिसला उशीर झालेला असो, जीभ काढावीच लागते. मग काका चष्मा कपाळावर सरकवून वाकून बघतात आणि निकाल देतात, "सुमन, तुझ्यात झिंक कमी पडायलंय." त्यांच्या मते सिडकोतल्या प्रत्येक माणसात काही ना काही कमी पडायलंय. माझ्यात झिंक, माझ्या नवऱ्यात ओमेगा, खाली राहणाऱ्या सलीमभाईंच्यात मॅग्नेशियम. सलीमभाई रिक्षा चालवतात. ते म्हणाले, "काका, मेरे में नींद कम है, उसकी गोली हो तो देव." काकांकडं तीही होती.

काका मूळचे पिशोरचे. चितेगावच्या एका कारखान्यात त्यांनी स्टोअर सांभाळलं. रिटायर झाले, वर्षभरात काकू गेल्या, आणि हा माणूस पावडरींच्या नादी लागला. सकाळी हिरवी पावडर, नाश्त्याआधी दोन तपकिरी कॅप्सूल, जेवल्यावर एक पांढरी गोळी, इतकी जाडजूड की म्हशीला देतानाही मी विचार केला असता. काही बोलायला गेलं की ठरलेलं उत्तर, "औषध नाय हे. नॅचरल आहे." धोतराही नॅचरलच असतो, असं मी एकदा म्हणाले. "झिंक कमी पडलं की माणूस असंच चिडतंय," काका शांतपणे म्हणाले.

हे सगळं त्यांच्या गळ्यात मारणारा इसम म्हणजे विकी. लासूर स्टेशनचा. आधी मोबाईलची कव्हरं विकायचा. एके दिवशी गळ्यात टाय बांधला, छातीवर 'वेलनेस कोच' असा बिल्ला लावला आणि झाला माणसांच्या यकृताचा जाणकार. भर मे महिन्यातही टाय सुटायचा नाही. मला तो 'मॅडमजी' म्हणायचा. मी त्याला पाणीसुद्धा विचारलं नाही कधी.

आता डब्यांचं सांगते. नवा डबा आला की काका त्यातल्या गोळ्या काकूंच्या मसाल्याच्या डब्यात ओतायचे. मोहरीच्या वाटीत तपकिरी, हळदीच्या वाटीत पिवळ्या, जिऱ्याच्या वाटीत त्या म्हशीच्या. रिकामा झालेला प्लास्टिकचा डबा गरम पाण्यात भिजवायचा, खोबरेल तेल लावून लेबल सोलून काढायचं आणि राहिलेला चिकटा सोड्यानं घासायचा. आमच्याकडं नळाला आठ-आठ दिवस पाणी येत नाही, माणसं अर्ध्या बादलीत आंघोळी उरकतात, आणि हे गृहस्थ डबे घासायचे. मग तो डबा कुणाला तरी द्यायचा. माझं मेतकूट, सलीमभाईंच्या बायकोचे शेंगदाणे, वरच्या मजल्यावरचे शिवणाचे दोरे, सगळी बिल्डिंग काकांच्या डब्यांत भरून ठेवलेली होती. झाकण मात्र फार घट्ट बसायचं. फुकटच्या डब्याला नाही म्हणवत नाही, मीही घेतले.

यंदा उन्हाळ्याच्या शेवटी काकांचे डोळे पिवळे दिसायला लागले. जेवण सुटलं, अंगाला खाज. मी म्हणाले, डॉक्टरला दाखवा. काका म्हणाले, "विकीला विचारलं मी. शरीरातलं विष बाहेर पडायलंय म्हणाला. डोस वाढवलाय." माझं डोकंच फिरलं. सलीमभाईंची रिक्षा दारात लावली आणि दोघांनी मिळून काकांना दवाखान्यात नेलं. जाताना ते सलीमभाईंना मॅग्नेशियमबद्दल विचारत होते.

रक्ताचा रिपोर्ट बघून डॉक्टरीणबाईंचा चेहरा उतरला. यकृताला चांगलीच सूज होती. "नॅचरल लिहिलंय म्हणून यकृत सूट देत नाही, आजोबा," त्या म्हणाल्या. "आणखी पंधरा दिवस घेतलं असतं तर माझ्या हातात काही राहिलं नसतं. काय घेत होता ते डबे घेऊन या." काकांनी पिशवीतून मसाल्याचा डबा काढून टेबलावर ठेवला. बाईंनी झाकण उघडलं आणि मोहरीच्या वाटीतली एक कॅप्सूल चिमटीत धरून उजेडात बघितली.

काका आठ दिवसांनी घरी आले, निम्म्यावर आलेले. बंगळुरूहून मुलगा आला, दोन दिवस लॅपटॉप मांडीवर घेऊन बसला आणि गेला. कंपनीला सोडायचं नाही असं मीच ठरवलं. माझा धाकटा भाऊ सुनील वकील आहे. त्यानं सांगितलं, "ताई, अन्न-औषध खात्याकडं तक्रार करता येते. ग्राहक आयोगात भरपाई मागता येते, त्याला दोन वर्षांची मुदत आहे. दवाखान्याचे कागद आहेतच. पण माल त्यांचाच होता हे दाखवावं लागेल. लेबल पाहिजे, बॅच नंबर पाहिजे. नुसत्या गोळ्या दाखवल्या तर हात वर करतील."

झालं. मी दारोदार फिरले. मेतकूट ताटात ओतलं, शेंगदाणे सुपात, दोरे गादीवर. एकाही डब्यावर अक्षर नव्हतं. असली लखलखीत भांडी माझी कामवाली जन्मात घासणार नाही. पुरावा म्हणून धड कागदाचा चिटोरा नाही, आणि काका खाटेवर बसून विचारतात, "निघाला का चिकटा सगळा?" मी त्यांना काय काय बोलले ते इथं लिहीत नाही.

सुनील म्हणाला, "विकी मोबाईलवर काही पाठवायचा का? नव्या डब्याचे फोटो, डोस वाढवा म्हणून सांगितलेलं?" तर हो, सगळं होतं. पण काका मोबाईल देईनात. उशीखाली सरकवून म्हणाले, "कंपनीवर कर काय करायचं ते. पोराचं नाव नको." त्या टायवाल्यानं तुम्हाला मारायचं तेवढं बाकी ठेवलं होतं, मी म्हणाले. काकांनी उशी आणखी घट्ट दाबली. शेवटी मी म्हणाले, "कोपऱ्यावरच्या बंगल्यातल्या पाटीलकाकू अजून घेताहेत. काल तो त्यांच्याकडं आला होता."

"माझ्याच सांगण्यावरून घ्यायलीय ती," काका म्हणाले. त्यांनी मोबाईल काढून सुनीलच्या हातात दिला.

फोटो निघाले, बॅच नंबर वाचता येत होता. मग सुनीलनं विकीचा एक आवाजी निरोप लावला. "गुड मॉर्निंग काका. उठलात का? झोप लागली का रात्री?"

पुढं डोसचं असणार म्हणून आम्ही कान देऊन बसलो होतो. तेवढ्यात काका मोबाईलकडं बघत हळूच म्हणाले, "लागली रे. दोनदाच उठलो."

सुनीलनं निरोप थांबवला. असे किती आहेत, असं त्यानं विचारलं. "रोजचा एक," काका म्हणाले. "रोज सकाळी विचारायचा. धंद्यासाठी विचारायचा, कळतं मला. मी काय येडा नाय." मला फार लाज वाटली. आमच्या दोघांच्या घरांमध्ये एकच भिंत आहे, आणि काकू गेल्यापासून या माणसाला झोप लागते की नाही, हे मी एका सकाळीही विचारलं नव्हतं.

"काका, कंपनीला नोटीस जाईल, तीत विकीचंही नाव घालावं लागेल," सहीचा कागद पुढं सरकवत सुनील म्हणाला.

"घाल." काकांनी पेन हातात घेतलं आणि जरा थांबले. "नोटिशीत लिहिता येतं का रे, काकाला आता झोप लागायलीय म्हणून?"

"नाही लिहिता येत, काका."

"बरं, राहू दे मग," काका म्हणाले आणि सही केली.