गायलेली प्रश्नपत्रिका

"माझ्या वर्गात जो बसला नाही, तो माझ्या प्रश्नांवर तोंडघशी पडलाच म्हणून समजा," असं ओडेसाबाई टिलरींनी अमेरिकेतल्या डेटन शहराच्या कचेरीत भर बैठकीत सांगून टाकलं.

बालकल्याणाच्या कामावर नव्यानं लागणाऱ्यांना शिकवण्यात त्यांची हयात गेलेली. आता प्रशिक्षणानंतर परीक्षा घ्यायची ठरली, आणि प्रश्न काढायला साहेबांनी त्यांच्या जोडीला कोलेट हॅनमर नावाची कालची पोर दिली. जिचे प्रश्न सरस, तिचेच परीक्षेत राहणार. सरस म्हणजे काय, तर शिकलेल्याला यावा आणि न शिकलेल्याला येऊ नये.

"कोलेटचे प्रश्न काय रेखीव आहेत," साहेब म्हणाले, आणि ओडेसाबाईंच्या पोटातल्या निखाऱ्यावर कुणी पंखा धरल्यासारखं झालं.

रविवारी त्यांनी आपल्या चर्चच्या रेव्हरंड पेटवेंपुढे मन मोकळं केलं. रेव्हरंड गाऊन उपदेश करणारे. बोलता बोलता शब्द सुरात कधी शिरायचा आणि ऑर्गन त्याच्यामागे कधी धावायचा, कळायचं नाही. खांबांनीसुद्धा डोलावं असा गळा! बाईंचा परीक्षेसाठीचा एक प्रश्न त्यांनी त्याच दिवशीच्या उपदेशात उचलला.

"दार उघडलं, घरात शिरलात, आधी काय बघाल?"

"लेकरू आज रात्री सुखरूप आहे का!" अख्खं चर्च उठून गायलं.

त्या उन्हाळ्यात दर रविवारी बाईंचा एकेक प्रश्न असा गाजला. कोलेटचा प्रश्न कधी कुणी गायला होता?

मग प्रश्न पारखायच्या चाचणीसाठी साहेबांना प्रशिक्षण न घेतलेली माणसं हवी झाली. "आमच्या चर्चची आणते की," बाई म्हणाल्या. आपली माणसं हुशार, कोलेटचे प्रश्न चुटकीसरशी सोडवणार, त्या पोरीचं नाक कापलं जाणार! या आनंदात बाईंना स्वतःच्या प्रश्नांची आठवणच राहिली नाही.

चाचणीच्या खोलीत आधी गुणगुण सुरू झाली. मग कुणाचा तरी पाय ठेका धरू लागला. मागच्या बाकावरून "आमेन" आलं, तसा दाराशी उभ्या बाईंचा चेहरा उतरला.

"ओडेसाबाई," निकाल बघून साहेब म्हणाले, "तुमचे प्रश्न रस्त्यावरच्या माणसालाही येतात. काढून टाकावे लागतील. कोलेटचा मात्र एकही कुणाला आला नाही. कमाल आहे पोरीची."

चर्चच्या जेवणघरात सगळ्या चर्चच्या आईसारख्या म्हाताऱ्या मदर लुबर्थांनी बाईंना पोटाशी धरलं आणि ताटात पीच घालून भाजलेल्या गोड कॉबलरचा भलाथोरला डाव वाढला. "पोरी, तुझा एकही चुकवला नाही आम्ही. त्या दुसरीचेही येत होते हो, पण मुद्दाम चुकीची खूण केली. तुझं नाव व्हायला हवं ना."

ओडेसाबाई आमेन म्हणाल्या.

सोमवारी त्या कोलेटच्या टेबलापाशी गेल्या आणि मधात घोळवलेल्या आवाजात म्हणाल्या, "काय गं, रविवारी येतेस का आमच्या चर्चला? रेव्हरंडना तुझेही प्रश्न गायचेत."