खांबेटे आणि निशिदा-सानच्या चार गाई

घरमालकिणीकडे चहाला बसलो असताना खांबेट्यांनी खालच्या तातामीतून एक काडी उपटली आणि दाताखाली धरली. तातामी म्हणजे गवताची जाड चटई, जपानी घराची सगळी इभ्रत. तिच्यावर आम्ही पायमोजेसुद्धा त्या दिवशी धुतलेलेच घालून पाय ठेवतो. मालकीणबाई कप हातात धरून बघत राहिल्या. खांबेटे शांतपणे चघळत मला म्हणाले, "नुसता चोथा आहे हो, वैशालीताई. गुरं उपाशी मरतील यावर." मी बाईंना जपानीत सांगितलं की आमच्याकडे घराचं कौतुक असंच करतात. दुसरं काय सांगणार होते?

डॉ. श्रीकांत खांबेटे, वय सेहेचाळीस, मुक्काम क्योतो, आमच्याच इमारतीत तळमजल्यावर. मी इथल्या युनिव्हर्सिटीच्या ऑफिसात परदेशी संशोधकांची कागदपत्रं बघते, त्यामुळे असले नग मला पगारातच मिळतात. पण बाकीचे निदान सहा वाजता घरी जातात. खांबेट्यांचा विषय म्हणजे निकृष्ट वाळक्या गवतावर जगणाऱ्या मांसाच्या जातीच्या गाईंना वरून काय खुराक द्यावा. आणि हा गृहस्थ स्वतः अंडंही खात नाही. मी एकदा खवचटपणे विचारलं, की या गाईंची वासरं शेवटी जातात कुठे हे ठाऊक आहे ना? तर म्हणाले, "जिवंत आहे तोवर तिला भूक आहे. माझा संबंध तेवढ्याशीच." मला काही ते पटलं नाही.

त्यांचं ठरलेलं पालुपद, "आधी पोटातल्यांचं बघा." पोटातले म्हणजे गाईच्या पोटातले जंतू. गवत खरं तर ते पचवतात; त्यांना प्रोटीन मिळालं नाही की ते हातपाय गाळतात आणि गाय पोटभर गवत समोर असूनही वाळत जाते. हे सगळं त्यांनी आम्हाला दिवाळीच्या फराळाला, चकल्यांचं ताट मांडीवर असताना, रवंथाच्या बारीकसारीक तपशिलांसकट ऐकवलं. माझ्या नवऱ्याने हातातली चकली परत ताटात ठेवली. नव्याने आलेल्या एका मुलीने भीत भीत विचारलं, "काका, तुम्हाला दुसरा काही छंद?" खांबेटे विचारात पडले आणि म्हणाले, "पूर्वी पेंढा होता, आता गवतच."

अशा माणसाला निशिदा-सान, म्हणजे आपल्या भाषेत निशिदाबाई, भेटल्या. क्योतोच्या उत्तरेला डोंगरात, बसने दीड तासावर, ऐंशीच्या घरातल्या या विधवा बाई चार गाई सांभाळून होत्या. त्या वर्षी ऐन कापणीत पाऊस लागला, गवत उशिरा कापलं गेलं आणि त्याच्या नुसत्या काड्या झाल्या. गाईंच्या बरगड्या दिसायला लागल्या. बाई बिचाऱ्या मायेने ओंजळीओंजळीने मका घालत होत्या, आणि मका खाऊन गाई गवताला तोंड लावेनात. वर्षभर एकही गाभण राहिली नव्हती. कावासाकी शहरात नोकरी करणारा मुलगा म्हणत होता, गाई काढ आणि माझ्याकडे ये. बाईंनी शब्द दिला होता की वसंतापर्यंत गाई गाभण राहिल्या नाहीत तर येते.

खांबेट्यांनी मका बंद करवला आणि तोफूवाल्याकडून सोयाबीनचा चोथा न्यायला सुरुवात केली. प्रोटीन भरपूर, आणि तोफूवाल्याला तो नकोच असतो. दर रविवारी दोन डबे घेऊन स्वारी पहिल्या बसमध्ये. क्योतोच्या बसमध्ये लोक मोबाइलवर बोलणंसुद्धा असभ्य समजतात, आणि सप्टेंबरच्या उकाड्यात हा चोथा तासाभरात आंबतो. एकदा ड्रायव्हरने अतिशय नम्रपणे गाडी थांबवून त्यांना खाली उतरवलं. खांबेटे डबे घेऊन उरलेला घाट चालत गेले. सोमवारी लंगडत ऑफिसात आले आणि मला म्हणाले, "गाडीतल्या लोकांना त्रास झाला असेल का हो?" लाज म्हणून नाही, हो. त्यांना खरंच माहीत नव्हतं.

मार्चमध्ये जनावरांचे डॉक्टर तपासायला येणार होते. खांबेट्यांचं जपानी चाऱ्यापलीकडे जात नाही, म्हणून दुभाषी म्हणून मला ओढून नेलं. माझा रविवार त्या गोठ्यात गेला, नवे बूट घालून. निशिदा-सान कंबरेत वाकलेल्या, लहानखुऱ्या बाई. त्यांनी आल्या आल्या खांबेट्यांना विचारलं, "जेवलात का?" एवढं जपानी खांबेट्यांना येत होतं. ते लाजून नाही म्हणाले. मग बाईंनी मासा न घालता शिजवलेला मुळा आणि गरम भात पुढे ठेवला, आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "एकटे असले की हे नुसता पांढरा भात खातात. मी विचारून काढलंय." जगाच्या पोटातल्यांची चिंता वाहणारा हा माणूस! मला हसू आलं, आणि रागही.

डॉक्टरांनी खांद्यापर्यंत हातमोजा चढवला. पहिली गाभण. दुसरी, तिसरी गाभण. चौथी सगळ्यांत म्हातारी. तिच्यापाशी त्यांनी बराच वेळ लावला. खांबेटे गव्हाणीला धरून उभे होते. "हीसुद्धा," डॉक्टर म्हणाले. खांबेटे मटकन खाली बसले, तेही शेणात.

डॉक्टर गेल्यावर निशिदा-सान माझ्याशी सावकाश बोलल्या, मी नीट सांगावं म्हणून. गाई मरतुकड्या होत्या तेव्हा कुणाला द्यायची लाज वाटत होती, म्हणून त्या वसंताची मुदत लावून बसल्या होत्या. आता चौघीही अंगाने भरल्या आहेत, गाभण आहेत. पलीकडच्या खोऱ्यातला एक चांगला शेतकरी त्यांना आनंदाने नेईल. गुडघे साथ देत नाहीत. पुढच्या महिन्यात त्या मुलाकडे कावासाकीला जाणार. हे सगळं खांबेट्यांमुळे झालं, त्यांचे फार उपकार आहेत, हेही सांगा.

मी सांगितलं. 

खांबेटे गाईकडे वळले. मग मराठीत म्हणाले, "उत्तम झालं म्हणावं. नव्या माणसाला सांगा, चारा बदलताना आठवडाभर जुनं-नवं मिसळून द्यायचं. म्हाताऱ्या गाईला आधी घालायचं, नाहीतर ती दुसऱ्यांचं खाते." मग खाली बघत म्हणाले, "आणि हे त्यांना सांगू नका. पण मला आता रविवारी यायला जागा राहिली नाही. इथे मला कुणीतरी जेवलात का विचारायचं."

निशिदा-साननी विचारलं, "काय म्हणाले?"

मी म्हणाले, "अभिनंदन म्हणाले."

बाईंनी नकारार्थी मान हलवली. "ते याहून बरंच जास्त बोलले," त्या म्हणाल्या.

मग मी सगळं सांगून टाकलं. खांबेटे माझ्यावर भडकले. निशिदा-सान आत गेल्या आणि मुलाचा फोन नंबर मोठ्या अक्षरांत लिहिलेला कागद घेऊन आल्या. तो त्यांनी माझ्या हातात दिला, खांबेट्यांच्या नाही.

तेव्हापासून दर रविवारी खांबेटे आमच्याकडे येतात, आणि बारा वाजता कावासाकीला फोन लावून आज ते काय जेवले हे मला निशिदा-सानना जपानीत सांगावं लागतं. थाप मारली तर त्या बाईला पलीकडून लगेच कळतं, दोनदा पकडलंय तिने मला. म्हणून हल्ली साडेअकराला मी त्यांना आमच्या टेबलाशी बसवते आणि आमटी-भाजी वाढून ती संपेपर्यंत समोरून उठत नाही.