आत किती, बाहेर किती

“चहा दोन कप आत गेला. आता बाहेर काय आलं ते सांगा.”

सात नंबरच्या पडद्याआडून आवाज आला. पाठोपाठ पेशंटच्या मुलाची कुजबुज, “मावशी, धीरे बोलो ना, सब सुन रहे हैं.”

“मग ऐकू दे! मुतनं काय चोरी हाय?”

या हिरामावशी. मीरा रोडच्या आमच्या हॉस्पिटलात, हार्टच्या वॉर्डातल्या आया. मी तिथे पेशंटच्या नोंदी कॉम्प्युटरवर चढवते. इंग्रजी शाळेत शिकले, त्यामुळे ‘लघवी’ हा शब्द माझ्या तोंडून कधी निघालेला नव्हता. ‘युरिन’सुद्धा मी शक्यतो टाईपच करते.

मावशींना मात्र दुसरा विषय नाही. “आत किती, बाहेर किती?” हाच त्यांचा नमस्कार. वॉचमनला, कँटीनवाल्याला, एकदा तर लिफ्टमध्ये मोठ्या सर्जनना. सर्जन दचकले, खरं उत्तर देऊन बसले, आणि मावशींनी आपली पाण्याची बाटली त्यांच्या हातात ठेवली. “संपवा. मी बघते.” सर्जननी संपवली.

माप घेताना त्या वेगळ्याच होतात. भांडं खिडकीच्या कट्ट्यावर सपाट ठेवायचं, गुडघ्यावर बसायचं, डोळा रेघेच्या पातळीवर आणायचा. त्या श्वास रोखतात. बघताना मीही रोखते. मावशींचं माहेर खारी गावचं, वडील मिठागरात कामाला. “जुनं पानी वेळेवर सोडलं न्हाय तर मीठ कडू व्हतं, पोरी. मानसाचंबी तसंच.” डॉक्टर हेच रिपोर्ट दाखवून समजावतात. अटॅकनंतर हृदय दमलेलं, त्यात अँजिओप्लास्टीसाठी नसांत सोडलेला डाय बाहेर टाकायचं काम किडनीवर. ती हळूच थकते. आधी कळतं ते लघवीवरून.

सात नंबरचे कांतिभाई शांती नगरचे. स्टेंट पडलेला, शुगर जुनी, किडनी आधीच कच्ची. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या मुलाने सिस्टरला दोनदा आकडा सांगितला, दोनशे आणि दोनशे एमएल. मी चारशे टाईप केलं.

मावशी माझ्या खांद्यावरून वाकल्या. “दोनदा दोनशे? पानी कधी असं गोल आकड्यात येतं का?”

अकरा वाजता त्यांनी त्याला बाथरूमच्या दारात गाठलं. त्याच्या हातात टॉवेलात गुंडाळलेली युरिनची बाटली.

“सकाळपासून कितवी?”

तो खाली बघत राहिला. “पहली.”

“मग ते दोनशे-दोनशे?”

“कम बोलता तो पेशाब की नली लगा देते ना, मावशी. पप्पा नली से बहुत डरते हैं.”

मला वाटलं, आता वॉर्ड दणाणणार. मावशींनी नुसती बाटली घेतली, भांड्यात ओतली, आणि त्या गुडघ्यावर बसल्या. पंच्याऐंशी.

मग त्या तिथेच जमिनीवर टेकल्या. “आमच्या ह्यांना अटॅक आलेला,” त्या मला म्हणाल्या. त्यांचा इतका हळू आवाज मी पहिल्यांदाच ऐकत होते. “हार्ट सावरलं. मग दोन दिस लघवीला उठले न्हाय. मी खूश गो. म्हनलं, आराम पडलाय, झोपू दे. पाय सुजलेले, मी ते चेपत बसले.” त्यांनी भांड्याची रेघ अंगठ्याने पुसली. “किडनी बसली, मागनं हेबी गेले. कुनी मोजलंच न्हाय. मीबी न्हाय.”

तेवढ्यात राऊंड आला. सिस्टर दुसऱ्या पेशंटला घेऊन आयसीयूत गेलेल्या. आमच्याकडे राऊंडच्या वेळी आयांनी पडद्याबाहेर थांबायचं असतं. मावशी भांडं घेऊन बाहेर गेल्या. जाताना माझ्याकडे नुसतं बघितलं.

मी कॉम्प्युटरची ट्रॉली घेऊन आतच होते; डॉक्टरांनी माझा स्क्रीन वाचला. “युरिन चारशे. गुड. व्हेरी गुड.” कांतिभाई हसले. मुलगा भिंतीकडे बघत होता. डॉक्टर आठ नंबरकडे वळले, सगळे ज्युनियर वळले.

पडद्याखाली मावशींच्या निळ्या रबरी चपला दिसत होत्या. जराही हलत नव्हत्या.

माझे कान तापले. स्क्रीनवरचे चारशे मीच टाईप केले होते.

“सर,” मी म्हणाले. आवाज फारच मोठा निघाला, अख्खा वॉर्ड वळला. “लघवी चारशे नाही झाली. पंच्याऐंशी झालीये. हिरामावशींनी मोजलीये.”